शिकारीच्या मोहिमेचे नियोजन: बार निघाल्यानंतरच्या कामापासून उलट मोजत या

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार मित्र दरवर्षी आठवडाभर मोठ्या जनावराच्या शिकारीला जातात. याद्या करतात, तरी दरवेळी काही ना काही राहतेच. एकदा परवान्याच्या अर्जाची मुदत हुकली, एकदा तंबूचे खांब घरीच राहिले, आणि गेल्या वर्षी पडलेल्या सावजाचे निम्मे मांस रानाबाहेर आणेपर्यंत खराब झाले. हे नीट बसवायचे तर सुरुवात कुठून करावी, आणि कागद व सामान यांची शिस्त टिकवावी कशी?

उत्तरापूर्वी एक मर्यादा सांगतो. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. म्हणून पुढील सर्व विवेचन, जिथे हंगाम, संख्या आणि परवाना ठरवून शिकारीला कायद्याने मुभा दिली जाते अशा देशांपुरतेच आहे.

तुम्ही सांगितलेल्या तीन चुकांपैकी पहिल्या दोन विसराळूपणाच्या आहेत आणि त्यांवरचा उपाय सोपा आहे. तिसरी मात्र वेगळ्या जातीची आहे. तुमचे नियोजन घरापासून निघते आणि बार निघण्यापाशी थांबते, हे तिच्यातून दिसते. बहुतेक शिकाऱ्यांचे असेच होते, कारण मनात जे चित्र असते ते सावज दिसण्याचे आणि नेम धरण्याचे असते. त्यानंतरचे दहा-पंधरा तासांचे कष्टाचे काम त्या चित्रात नसते. मी गेली अनेक वर्षे हिशेब उलटा करतो: सावज पडले आहे, उन्हे कलली आहेत आणि गाडी पाच किलोमीटरवर आहे असे आधी धरतो, आणि तिथून मागे येत येत माणसे, दिवस, जागा, परवाने आणि शेवटी सामान ठरवतो.

हा हिशेब आकड्यांनी करावा. मोठ्या नर एल्कचे (उत्तर अमेरिकेतील मोठे हरिण) हाडे काढलेले मांस साधारण ८० ते १०० किलो भरते. खडबडीत चढउतारावर धडधाकट माणसाने एका खेपेत २५ किलोच्या वर नेऊ नये असे माझे मत आहे. तरुणपणी मी ४० किलो उचलत असे आणि त्याची किंमत आता गुडघे मोजत आहेत. म्हणजे एकट्या माणसाला चार खेपा झाल्या. सावज गाडीपासून ५ किलोमीटरवर असेल तर चार वेळा ओझे घेऊन येणे आणि तीन वेळा रिकामे परत जाणे मिळून ३५ किलोमीटरची चाल होते. ओझ्यासह ताशी २ आणि रिकाम्या हाताने ताशी ३ किलोमीटर धरले, तर नुसत्या चालण्यालाच १५ तास लागतात, आणि कातडे सोलून मांस सोडवण्याचे तीन-चार तास वेगळेच. दोघे असतील तर प्रत्येकी दोन खेपा होतात आणि चाल सहा तास चाळीस मिनिटांवर येते. चौघे असतील तर एकाच खेपेत काम उरकते.

आता तुमच्या गेल्या वर्षीच्या मोहिमेकडे या हिशेबाने पाहा. चौघे असूनही तुम्ही दोन जोड्या करून दोन वेगळ्या खोऱ्यांत गेला असाल, तर प्रत्यक्षात एका सावजामागे दोनच माणसे होती. आणि दोन्ही जोड्यांना एकाच दिवशी यश आले असेल तर मदतीला येणारे कोणीच उरले नव्हते. म्हणून आमच्या गटाचा नियम असा आहे की एका जोडीचे सावज पडल्याचा निरोप मिळाला की दुसऱ्या जोडीने त्या दिवशी बार काढायचा नाही, समोर कितीही देखणे जनावर उभे असले तरी. या नियमावरून वाद झाले, आणि एक जुना सोबती त्यामुळेच गट सोडून गेला. तरीही मी तो बदललेला नाही. त्याच हिशेबातून दुसरी मर्यादाही निघते. दिवसाचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या वर जाणार असेल तर आम्ही गाडीपासून तीन किलोमीटरच्या पलीकडे शिकार करत नाही, आणि थंडी कडक असेल तरच ही त्रिज्या वाढवतो.

मांस खराब का होते हे कळले की या मर्यादा जाचक वाटत नाहीत. जिवाणू साधारण ४ ते ६० अंशांच्या दरम्यान झपाट्याने वाढतात, आणि जाड कातड्याखाली मोठ्या जनावराच्या शरीराची उष्णता तासन्‌तास टिकून राहते. वरून मांस थंड लागते, पण मागच्या पायाच्या खुब्याजवळ, हाडाला लागून असलेला भाग आतून आंबतो. म्हणून कोथळा लगेच काढणे, कातडे लवकर उतरवणे, मागचे पाय सांध्यापासून सोडवून सावलीत आणि वाऱ्यावर टांगणे, हे काम पहिल्या तासाभरात सुरू झाले पाहिजे. मांस हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्यांत ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत उष्णता आणि ओल दोन्ही कोंडतात. रात्र थंड असेल तर सगळे मांस त्याच रात्री बाहेर काढण्याचा अट्टहास करू नये. नीट टांगलेले मांस सकाळपर्यंत चांगले राहते, आणि अंधारात ओझे घेऊन उतरताना पाय मुरगळण्याचा धोका टळतो. अस्वलांचा वावर असलेल्या मुलखात मात्र मांस सावजाच्या अवशेषांपासून शे-दोनशे मीटर दूर आणि लांबून नजरेस पडेल असे टांगावे, म्हणजे सकाळी तिथे जाताना अचानक गाठ पडत नाही.

बार निघाल्यानंतरचा विचार काही ठिकाणी कायद्यानेच बंधनकारक केला आहे. स्वीडनमध्ये मूससारख्या (प्रचंड आकाराचे हरिण) खूर असलेल्या जनावराची शिकार करताना, जायबंदी जनावराचा माग काढणारा शिकवलेला कुत्रा जास्तीत जास्त दोन तासांत जागेवर पोहोचेल अशी सोय असावी लागते. कुत्र्याची व्यवस्था नसेल तर तुमचे नियोजनच अपुरे आहे, असे तो कायदा सांगतो. अमेरिकेतील अलास्काच्या काही विभागांत मूस आणि कॅरिबू (रेनडिअर जातीचे हरिण) यांचे ठरावीक भाग रानातून बाहेर येईपर्यंत हाडासकट ठेवणे सक्तीचे आहे. अशा ठिकाणी वर केलेला ‘हाडे काढून १०० किलो’ हा हिशेब लागू पडत नाही, खेपा वाढतात. हे तिथे पोहोचल्यावर कळून उपयोगाचे नाही. माझ्या दृष्टीने नियमपुस्तिका हाच नियोजनाचा पहिला नकाशा आहे, आणि ती दरवर्षी नव्याने वाचावी लागते, कारण मागच्या वर्षीची आठवण हीच चुकांची सर्वांत मोठी खाण असते.

कागदपत्रांकडे येताना पहिली गोष्ट अशी की हंगामाची तारीख आणि अर्जाची तारीख यांत सहा-सहा महिन्यांचे अंतर असू शकते. अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये मोठ्या जनावरांच्या सोडतीसाठीचे अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत घेतले जातात आणि शिकार होते शरद ऋतूत. शिवाय १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तिथे शिकारी-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर आधी वर्ग, मग परीक्षा, मग अर्ज, असा क्रम लागतो. अनेक राज्यांत सोडतीत नाव न आल्यास गुण साठतात आणि पुढच्या वर्षी त्यांचा उपयोग होतो, त्यामुळे एका वर्षी अर्ज हुकला तर नुकसान त्या वर्षापुरते राहत नाही. वायोमिंगमध्ये राज्याबाहेरच्या शिकाऱ्याला संघीय संरक्षित निर्जन क्षेत्रात मोठी शिकार करायची असेल तर परवानाधारक वाटाड्या किंवा तिथला रहिवासी सोबत असावा लागतो. अलास्कामध्ये तपकिरी अस्वल, डॉल मेंढी आणि पहाडी बकरा यांच्यासाठी अमेरिकेच्याच इतर राज्यांतून येणाऱ्यांनाही वाटाड्या किंवा जवळचा नातेवाईक असलेला रहिवासी बंधनकारक आहे. अशा एका ओळीने सगळा खर्च आणि सगळ्या तारखा बदलतात.

यासाठी मी दरवर्षी एकच पान करतो. त्यावर प्रत्येक मुदत आणि तिच्या दोन आठवडे आधीची ‘आपली मुदत’ अशा दोन तारखा असतात. काम आपल्या मुदतीला संपवायचे, खरी मुदत फक्त अपघातांसाठी राखून ठेवायची. चौघांपैकी एकालाच कागदांचा कारभारी नेमावे. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ असे ठरले की कोणीच लक्ष ठेवत नाही, हे तुमच्या हुकलेल्या अर्जावरून तुम्हाला कळलेच असेल. परवाना, टॅग (सावज पडताच भरून त्याला बांधायची परवान्याची चिठ्ठी), प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्राचे कागद यांची एक प्रत मोबाइलमध्ये, एक पाणी न शिरणाऱ्या पाकिटात आणि मूळ कागद अंगावर, असे तीन ठिकाणी ठेवावे. टॅग अंगावरच्या खिशात हवा, सॅकमध्ये नको, कारण सावजाजवळ पोहोचताना सॅक अनेकदा मागे झाडाखाली राहते आणि टॅग तर पहिल्यांदा भरायचा असतो.

परदेशी किंवा विमानाने जाणार असाल तर आणखी दोन बाबी आहेत. अमेरिकेतील विमानप्रवासात बंदूक रिकामी, कुलूपबंद टणक पेटीत आणि काउंटरवर सांगून केवळ सामानकक्षातच देता येते, आणि काडतुसांवर सर्वसाधारणपणे प्रतिप्रवासी ५ किलोची मर्यादा असते. कॅनडात जाताना अनिवासी शिकाऱ्याला शस्त्राचे घोषणापत्र सीमेवरच्या अधिकाऱ्यासमोर सही करून मंजूर करून घ्यावे लागते आणि ते ६० दिवस चालते. परतीचाही विचार याच वेळी करावा. हरणांमध्ये होणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा मेंदूचा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम आढळला. त्याचे कारण असलेली प्रथिने शिजवल्याने नष्ट होत नाहीत, म्हणून अनेक राज्ये बाहेरून आणलेल्या सावजाचा मेंदू आणि पाठीचा कणा आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत. म्हणजे डोके तसेच घेऊन घरी जाण्याचा बेत असेल तर तो वाटेवरच्या प्रत्येक राज्याच्या नियमांशी ताडून पाहावा लागतो. त्या मुलखात नमुना तपासायला कुठे द्यायचा तेही आधीच लिहून ठेवावे, आणि निकाल येईपर्यंत त्या जनावराचे मांस वेगळे बांधून, नाव-तारीख घालून ठेवावे.

जागा निवडताना नकाशावर मी सर्वप्रथम सावजाच्या नव्हे, तर माझ्या बाहेर पडण्याच्या वाटा रेखाटतो. त्यानंतर वेळेचा हिशेब येतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा अजून उपयोगी आहे: सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर आणि वर प्रत्येक ३०० मीटर चढाईला अर्धा तास. समजा बसायची जागा ४ किलोमीटर लांब आणि ३०० मीटर उंचावर आहे. ठोकताळ्याने १ तास १८ मिनिटे होतात, पण अंधार, ओझे आणि आवाज न करता चालणे धरून मी त्याची दीडपट, म्हणजे दोन तास पकडतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत मोठ्या जनावरावर बार काढण्याची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते. सूर्योदय ६:४० चा असेल तर ६:१० पासून परवानगी आहे, त्याच्या अर्धा तास आधी घाम सुकवून शांत बसलेले असावे, म्हणजे तळ ३:४० ला सोडावा लागतो. हा आकडा पाहिल्यावर पुष्कळ जण जवळची जागा पसंत करतात, आणि त्यात वावगे काही नाही. सहाव्या दिवशीही उठता येईल अशीच वेळ ठरवावी.

वाऱ्याचा विचार याच टप्प्यावर व्हावा. डोंगराळ भागात पहाटेची थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि ऊन चढले की तापलेली हवा वर जाऊ लागते. त्यामुळे पहाटे खालून आणि उन्हे तापल्यावर वरून जनावराकडे जाणे, हा साधा नियम बहुतेक दिवस चालतो. पण खरी गोम तळाच्या जागेत असते. तळावरून रात्रभर थंड हवा ज्या खोऱ्यात उतरते, त्याच खोऱ्यात सकाळी शिकार करायची असेल, तर तुमच्या शेकोटीचा आणि तुमचा वास जनावरांना आदल्या संध्याकाळपासूनच लागलेला असतो. मी प्रत्येक बैठकीच्या जागेपुढे ‘कोणत्या वाऱ्याला इथे जायचे नाही’ एवढेच लिहितो, आणि पहाटे वाद न घालता त्या टिपणाचे ऐकतो.

सामानाची यादी प्रकारानुसार केलेली असते, म्हणजे कपडे, स्वयंपाक, हत्यारे असे; तिथेच घोटाळा होतो. वस्तू लागते ती प्रसंगाला, म्हणून यादीही प्रसंगाने करावी. माझे चार कप्पे आहेत. अंगावर असते ते सॅक हरवली तरी रात्र काढून देईल एवढे: टॅग, चाकू, दिवा, लायटर, शिट्टी, होकायंत्र. सॅकमध्ये दिवसाचे: पाणी, खाणे, कोरडा लोकरी थर, पावसाचे जाकीट, दुर्बीण, प्रथमोपचार. तिसरी एक वेगळी लाल थैली, जी फक्त सावज पडल्यावर उघडायची; तिच्यात हातमोजे, दुसरा चाकू आणि धार लावायचा दगड, पाच कापडी पिशव्या, पंधरा मीटर दोरी, हलकी ताडपत्री, टॅग बांधायला तार आणि दिव्याच्या बॅटऱ्या असतात. बाकी सगळे तळाच्या पेटीत. थैलीतली वस्तू इतर कामाला काढायची नाही, दोरी तर मुळीच नाही; तळावर कपडे वाळत घालायला म्हणून नेलेली दोरी मांस टांगायच्या वेळी हमखास सापडत नाही.

विसराळूपणाचा उपाय मी माझ्या फजितीतून शिकलो. रायफल आणि तिचा बोल्ट (काडतूस नळीत बसवणारा, सुटा काढता येणारा भाग) सुरक्षिततेसाठी घरी वेगवेगळ्या कुलपांत ठेवायची माझी सवय आहे. एका वर्षी दिवसभर गाडी चालवून तळावर पोहोचलो, पेटी उघडली, आणि रायफल होती पण बोल्ट घरच्या कपाटात होता. यादीवर ‘रायफल’ या शब्दापुढे मी खूण केलेली होती, आणि ती खोटीही नव्हती! तेव्हापासून दोन बदल केले. एकत्र लागणाऱ्या वस्तूंचे सुटे भाग यादीत सुटेच लिहितो: रायफल, बोल्ट, काडतुसे, तंबूचे कापड, खांब, खुंट्या. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे. खूण कपाटापाशी नव्हे तर गाडीपाशी, वस्तू आत गेल्यावरच करायची, आणि एकाने वाचायचे तर दुसऱ्याने वस्तूला हात लावून ‘आहे’ म्हणायचे. तुमचे तंबूचे खांब या पद्धतीत राहिले नसते.

रायफलीच्या बाबतीत एवढेच की घरी बसवलेला नेम प्रवासानंतर तसाच राहिला आहे असे कधीही गृहीत धरू नये. नियम आणि जागा परवानगी देत असतील तर पोहोचल्यावर, सुरक्षित पार्श्वभूमी पाहून, १०० मीटरवर तीन गोळ्या झाडून खात्री करावी, आणि त्याही शिकारीत वापरायच्या त्याच खोक्यातल्या. काडतुसांचे नियमही जागेप्रमाणे बदलतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्य प्राण्याच्या शिकारीसाठी शिशाची गोळी चालत नाही, आणि तांब्याच्या गोळीने नेम नव्याने बसवावा लागतो. हे काम हंगामाच्या आदल्या दिवसाचे नाही, दोन महिने आधीचे आहे.

सुरक्षिततेसाठी तळावरच्या सर्वांना माहीत असणारे एक पान आणि घरच्या एका व्यक्तीकडे त्याची प्रत पुरते. त्यात कोणत्या दिवशी कोण कुठल्या खोऱ्यात, गाडी कुठे, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला कळवायचे, हे स्पष्ट लिहिलेले असावे. ‘उशीर झाला तर काळजी करू नका’ असे सांगून निघणारा माणूस स्वतःचा शोध स्वतःच लांबवतो. मोबाइल चालत नाही अशा रानात ४०६ मेगाहर्ट्‌झवर संकेत देणारे व्यक्तिगत संकटदर्शक यंत्र बाळगावे, पण निघण्यापूर्वी त्याची नोंदणी केलेली असावी आणि ते सॅकच्या तळाशी नसावे. मचाणावर चढणाऱ्याने पूर्ण शरीराचा पट्टा जमिनीवरच बांधावा. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की माणसाचे निर्णय आधी बिघडतात आणि थरथर नंतर थांबते, म्हणून भिजलेल्या सोबत्याला ‘बरा आहेस ना’ असे विचारून भागत नाही. त्याचे कपडे बदलायला लावावे.

संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात बार काढावा की नाही, हा प्रश्न मी रानात सोडवत नाही. जायबंदी जनावराचा माग अंधारात काढणे कठीण असते आणि घाईने पाठलाग केल्यास ते अधिकच दूर जाते. म्हणून कायदेशीर वेळ संपण्याच्या वीस मिनिटे आधी आम्ही थांबतो. हे घरी, पोटभर जेवल्यावर आणि समोर जनावर नसताना ठरवलेले असते, आणि त्याचे कारणही त्याच एका पानावर लिहिलेले असते.

आता तुम्ही विचारलेली शिस्त टिकवण्याची बाब. माझ्या अनुभवात ती टिकते ती परतल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी. सामान वाळवून जागेवर लावताना लाल थैली लगेच पुन्हा भरावी, वापरलेली बॅटरी टाकून नवी घालावी, चाकूला धार लावावी, आणि ज्या वस्तूला आठवडाभर हात लागला नाही ती यादीतून काढावी. प्रथमोपचार आणि संकटदर्शक यांना हा नियम लागू नाही. मग वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात: काय राहिले, काय जास्त झाले, आणि कोणता अंदाज चुकला. माझ्या वहीतली गेल्या हंगामाची शेवटची ओळ अशी आहे: ‘नदीकडची वाट ओझ्यासह दोन तास चाळीस मिनिटे, पानावर दोन तास लिहिले होते, पुढच्या वर्षी त्या खोऱ्यात दुपारी दोननंतर बार नाही.’